पस्तीसची पट्टी

घराच्या माळ्यावर थंडी अडवायला जो कापूस भरतात, तो कापूस नसतो. जुन्या वर्तमानपत्रांचा तो भुगा असतो, पेट घेऊ नये म्हणून औषध घातलेला. पुढाऱ्यांच्या भाषणांनी कुणाला तरी ऊब मिळते असा जगातला हा एकमेव धंदा. कारखान्यातले, भरणारे, गिऱ्हाईक, सगळे त्याला कापूसच म्हणतात. सरकार मात्र त्याला ‘सुटे उष्णतारोधक द्रव्य’ म्हणतं, आणि एकदा सरकारनं एखाद्या गोष्टीला तीन शब्दांचं नाव दिलं की छत्तीस पानांची नियमावली मागोमाग येतेच.

या नियमावलीत पोत्यावर काय छापावं, कुठे छापावं आणि केवढ्या अक्षरात छापावं हे सगळं आहे. थंडी अडवण्याच्या ताकदीला तिथे ‘रोधांक’ म्हणतात. जाहिरातीत रोधांक आला की ‘रोधांक जितका अधिक तितकी रोधकशक्ती अधिक’ हे वाक्य आलंच पाहिजे. बचतीचा ब उच्चारला की ‘बचत घरागणिक वेगळी असते, कारणे माहितीपत्रकात वाचा’ हेही आलं पाहिजे. रेडिओवर ही दोन वाक्यं म्हणायला कंपनीनं एक खास माणूस धरला होता. तो ती एका दमात अशी म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, मध्येच दुसरं स्टेशन लागलं.

ही छत्तीस पानं ज्याला तोंडपाठ होती, त्याला कंपनीत पोटकलम म्हणत. समोर नव्हे, पण फार मागेही नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, शर्टाचं खालचं बटण कायम ताणलेलं, खिशात भिंग. नियमपालन अधिकारी अशी त्याच्या दारावर पाटी होती, आणि त्याच्या आद्याक्षरांशिवाय पोतं, पत्रक किंवा जाहिरात कंपनीच्या फाटकाबाहेर पडत नसे. जाहिरातीत एक हसरं कुटुंब अनवाणी बसलेलं असायचं. नवरा-बायको, दोन मुलं आणि कुत्रा सोडून पोटकलम खालच्या ओळीला भिंग लावायचा आणि अक्षरं अर्ध्या मिलिमीटरनं लहान आहेत म्हणून अख्खं कुटुंब परत पाठवायचा. कापूस थंडी अडवतो का, हा प्रश्न त्यानं बावीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. तो त्याच्या खात्याचा नव्हता.

नियमावलीच्या एकोणिसाव्या पानावर पट्टीची गोष्ट आहे. सुटा कापूस किती उंच भरला हे खालून दिसत नाही, म्हणून माळ्यावर ठरावीक अंतरानं मोजपट्ट्या ठोकायच्या. पट्टीवरचे अंक पंचवीस मिलिमीटरपेक्षा लहान नसावेत. पट्टीचं तोंड माळ्यावर चढायच्या झडपेकडे असावं, म्हणजे तपासायला आलेल्या साहेबाला मान वाकडी करावी लागू नये. कापूस पस्तीस सेंटिमीटर भरायचा असेल तर तो पस्तीसच्या अंकाला टेकला की भरणाऱ्यांनी मशीन बंद करायचं, कार्डावर किती पोती लागली ते लिहायचं, सही करायची, कार्ड तिथेच खिळ्याला अडकवायचं आणि उतरायचं.

पूर्वी लाकडी पट्ट्या यायच्या. मग वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की लाकूड कशाला, कागद आहे की. पोटकलमनं संगणकावर छत्तीस सेंटिमीटरची पट्टी आखली. छापताना संगणकानं अदबीनं विचारलं, कागदाला बसवू का? हा म्हणाला, बसव. कागदाची लांबी तीस सेंटिमीटरही नव्हती. संगणकानं बिचाऱ्यानं सांगितलं तसं केलं, छत्तीस सेंटिमीटर दाबून सव्वाअठ्ठावीसात बसवले.

पोटकलमनं छापलेला कागद हातात घेतला, भिंग काढलं आणि त्याची भुवई वर गेली. अंक वीस मिलिमीटरचे आले होते. पाच कमी! इथे दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, मी पंचवीसचे काढले ते वीस का झाले. पोटकलमनं ते विचारलं नाही. त्यानं अंक मोठे केले, पुन्हा छापले, पुन्हा मोजले. तिसऱ्या खेपेला बरोबर पंचवीस भरले. त्यानं पट्टीवर आद्याक्षरं केली आणि त्या दिवशी घरी जाताना तो शीळ घालत होता, असं फाटकावरचा रखवालदार सांगतो.

अंकांमधलं अंतर त्यानं मोजलं नाही. नियमात ते मोजा असं लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा कुजबुज केली ती मुकादमानं. हा माळ्यावर कापूस भरणाऱ्या टोळीचा प्रमुख. नाकातोंडावर बांधायचा रुमाल चोवीस तास गळ्यात, आणि बोलणं मोजकं, कारण तोंड उघडलं की भुगा आत जातो ही सवय. प्रत्येक घरी पोती उरतात, असं त्यानं येऊन सांगितलं. पोत्यावरच्या तक्त्याप्रमाणे चाळीस लागायला पाहिजेत तिथे एकतीस-बत्तिसात काम भागतं. वरच्या साहेबांना हे कळल्यावर त्यांनी मुकादमाच्या टोळीला कार्यक्षमतेची ढाल दिली आणि उरलेली पोती पुढच्या घराला पाठवली. मुकादम ढाल काखेत मारून पुन्हा पोटकलमकडे आला.

“भाऊ, कार्डावर किती लिहू? बत्तीस का चाळीस?”

पोटकलमनं पान न बघता उत्तर दिलं. कार्डावरचा आकडा तक्त्याशी जुळला पाहिजे असं नियम म्हणतो. तेव्हा चाळीस.

“पण घातली बत्तीस.”

“कापूस पस्तीसला टेकला का?”

“टेकला.”

“मग चाळीसच लागली असणार.”

मुकादमानं रुमाल नाकावर ओढला आणि गेला. त्यानंतर चारशे बारा घरांच्या माळ्यावर चाळीस चाळीस लिहिलेली कार्डं लटकली. कार्ड, पट्टी, पोत्यावरचा तक्ता, सगळं एकमेकांशी असं जुळत होतं की तशा पत्रिकाही जुळत नाहीत.

या चारशे बारांतलं एक घर मावशीचं होतं. पोटकलमची आई तो सहा वर्षांचा असताना गेली आणि मावशीनं त्याला वाढवलं, शिवणाच्या मशीनच्या पायडलशी. चाळीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती. अजूनही वरच्या खोलीत, बरोब्बर माळ्याखाली, खिडकीशी मशीन मांडून बसायची. उजेड तिथेच होता. खालच्या एका खोलीत भाडेकरू आणि दुसऱ्या खोलीत तिचं अंथरूण, त्यामुळे मशीन हलवायला दुसरी जागाही नव्हती. थंडीत बोटं आखडायची म्हणून भाच्यानंच आग्रह करून कापूस भरून घ्यायला लावला होता. मी सही केलेला माल आहे, म्हणाला होता. मावशीनं दुसरं काही विचारलं नाही. त्याची सही तिनंच त्याला पाटीवर गिरवून शिकवली होती.

थंडी पडली आणि महिन्याभरात मावशीचा निरोप आला. तो गेला तर ती दोन स्वेटर घालून, बोटं काखेत धरून बसली होती. मशीनवर एक निळा कोट अर्धा शिवून पडला होता. दुपार झाली की सुई धरवत नाही, असं ती म्हणाली. गेल्या वर्षीपेक्षा तसूभरच फरक. पोटकलम घसा खाकरून सांगायला लागला की परिणाम घरागणिक वेगळे असतात आणि त्याची कारणं माहितीपत्रकात—

“मी पत्रकाला विचारत नाहीये, तुला विचारतेय,” मावशी म्हणाली. “हा हिवाळा असाच जाणार असेल तर सांग. मशीन झाकून ठेवते.”

मशीन झाकून ठेवते हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. मावसोबा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं मशीन झाकलं नव्हतं. तेराव्याला लागणारे लोकांचे कपडे शिवून दिले होते. 

पोटकलम शिडी लावून झडपेतून माळ्यावर डोकावला. पट्टी झडपेकडे तोंड करून उभी होती, अंक टपोरे, कापूस पस्तीसला टेकलेला, कार्ड खिळ्याला. त्याला इतकं बरं वाटलं की तो वरूनच ओरडला, सगळं नियमात आहे म्हणून. खालून मावशीनं गळ्यातला टेप काढून वर फेकला.

मापायला पट्टी आहे की, टेप कशाला, असं तो म्हणाला.

“पट्टीलाच टेप लाव.”

मावशीपुढे वाद घालायची सोय नव्हती. त्यानं कापसात हात खुपसून टेपचं टोक तळाला टेकवलं आणि वर ओढला. पस्तीसच्या अंकाजवळ टेप साडेसत्तावीस म्हणत होता. त्यानं पुन्हा लावला. टेप मागे हटेना. मग तो शिडीच्या दोन पायऱ्या उतरला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला की कापडी टेप जुने झाले की ताणतात आणि माप कमी दाखवतात, ही शास्त्रीय गोष्ट आहे.

“बाबा रे,” मावशी म्हणाली, “चाळीस वर्षांत या टेपनं एका तरी बाईची कंबर साडेसात सेंटिमीटर कमी दाखवली असती, तर माझ्या दारात आज रांग असती.”

रात्रभर तो झोपला की नाही कुणास ठाऊक, पण सकाळी ऑफिस उघडायच्या आधी तो हजर होता. पोलादी फूटपट्टी काढून त्यानं कागदी पट्टीवर ठेवली. दोन्ही पट्ट्या शून्यावर एकत्र निघाल्या आणि पाचापर्यंतच त्यांची फारकत झाली. तेव्हा त्याला ते वीस मिलिमीटरचे अंक आठवले. संगणकानं त्याला तेव्हाच सांगितलं होतं, आणि त्यानं संगणकाचं तोंड दाबून अंक मोठे केले होते.

वरच्या साहेबांसमोर त्यानं सगळं कबूल केलं. साहेब शांत माणूस. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग एकेक विचारायला लागले. पट्ट्या लावल्यात का? लावल्यात. पुरेशा आहेत? आहेत. झडपेकडे तोंड? आहे. अंक? पंचवीस मिलिमीटर.

“आता मला असं सांगा,” साहेब खुर्चीत मागे टेकले, “पट्टीवरचा सेंटिमीटर हा एक सेंटिमीटरच असला पाहिजे, असं कितव्या पानावर आहे?”

पोटकलमनं डोळे मिटले. छत्तीस पानं त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. जन्मभर जी पानं पाठ केली त्याच पानांनी त्या दिवशी त्याला तोंडावर पाडलं.

“कुठेच नाही.”

“मग उल्लंघन कुठे झालं?”

कार्डांवर खोटे आकडे आहेत, असं तो चाचरत म्हणाला. ते लिहायला कुणी सांगितलं, असं साहेबांनी फार प्रेमानं विचारलं आणि वर चहा मागवला. चारशे बारा घरं पुन्हा भरण्याचा विषय चहाबरोबरच संपला. शेवटी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की इतका प्रामाणिक नियमपालन अधिकारी दुसऱ्या कुठल्या कंपनीला नसेल, आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही याची त्यांना खात्री आहे.

त्या रविवारी मुकादम गाडीत आठ उरलेली पोती टाकून मावशीच्या दारात आला. पोटकलमनं नुसता शब्द टाकला होता, तो काही न विचारता आला. मावशीनं आपला टेप तुळईला टाचणीनं लावून दिला आणि कापूस खऱ्या पस्तीसपर्यंत चढला. कागदी पट्टी पूर्ण गाडली गेली. एकंदर पोती मोजली तर चाळीस! कार्डावरचा आकडा तीन महिने खोटा राहून अखेर खरा झाला. मुकादम पहिल्यांदाच हसला आणि त्याच्या तोंडात भुगा गेला.

चार दिवसांत मावशीनं एक स्वेटर काढला. निळा कोट पुरा झाला.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भरणीत काही बदल केला तर सात दिवसांत सरकारी कार्यालयाला कळवावं, असं सव्विसाव्या पानावर आहे. ते आजवर कुणीही कळवलेलं नव्हतं. पोटकलमनं कळवलं, तीन प्रतींत, आणि खालची पट्टी कशी आखडली तेही त्यात सविस्तर लिहिलं. कार्यालयात असा कागद कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं हे कुणाला कळेना. शेवटी त्यांनी तपासनीस पाठवला.

तपासनीस टॉर्च घेऊन शिडी चढला. मान्य पट्टी कुठे आहे, म्हणाला. पोटकलमनं सांगितलं, खाली आहे, कापसात. मग हे वर काय लोंबतंय? टेप. तपासनिसानं भिंग काढलं, पोटकलमच्या भिंगाचा सख्खा भाऊ शोभावा असं, आणि टेपवरचे अंक मोजले. चार मिलिमीटर. तो हळहळला. पट्टी आखडल्याचं प्रकरण त्यानं वाचलं होतं, पण पट्टीच्या लांबीबद्दल नियमात तरतूद नसल्यानं त्याला त्यावर मत नव्हतं. अंकांच्या उंचीबद्दल मात्र होतं. त्यानं तिथेच पायरीवर बसून नोटीस लिहिली: मान्य पट्टीवरील पस्तीसची खूण दिसू लागेपर्यंत अतिरिक्त कापूस पंधरा दिवसांत काढून टाकावा, आणि काढल्याचा दाखला नियमपालन अधिकाऱ्यानं सहीनिशी द्यावा.

शहरात चारशे बारा माळ्यांपैकी एकच माळा खरा होता, आणि बेकायदेशीर ठरला तोही तोच.

पोटकलम नोटीस हातात घेऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसला. सही केली नाही तर नोकरी, केली तर मावशीची बोटं. मावशीनं चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं की हा माणूस नेमका रागावलाय कशावर, कापसावर की टेपवर?

“अंकांवर. लहान आहेत म्हणे.”

“मग मोठे लावू.”

“तसं चालत नाही मावशी, पट्टी मान्य असावी लागते.”

“मान्य म्हणजे कशी, ते वाच.”

त्यानं एकोणिसावं पान म्हणून दाखवलं. अंकांची उंची, तोंडाची दिशा, संख्या (एवढ्या माळ्याला एक). पट्टी कशाची असावी, कुणी करावी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणता म्हणता त्याचा आवाज हळू झाला. मावशीनं कपाटातून तंबूच्या जाड कापडाचा तुकडा काढला, त्यावर टेप अंथरला आणि खडूनं दर पाच सेंटिमीटरला रेघ मारली. काळ्या कापडाचे अंक कात्रीनं कापले. तीस मिलिमीटर ठेव, असं तो म्हणाला. शिलाईत थोडं आत जातं, असं तीही म्हणाली. दुपारी तीनला, म्हणजे ज्या वेळी महिन्यापूर्वी तिला सुई धरवत नव्हती, ती पस्तीसच्या पाचाला गोलाकार टाके घालत होती.

दुसऱ्या खेपेला तपासनिसानं अंक मोजले, पट्टीचं तोंड पाहिलं, कापूस पस्तीसला टेकलेला पाहिला आणि नोटीस मागे घेतली. अतिरिक्त कापसाचं काय झालं हे त्यानं विचारलं नाही. पट्टीप्रमाणे तो अतिरिक्त नव्हताच. उलट कापडी पट्टी त्याला इतकी आवडली की नमुना म्हणून त्यानं तिचा फोटो काढून नेला.

दोन महिन्यांनी नियमावलीची सुधारित आवृत्ती आली. एकोणिसाव्या पानावर मावशीची पट्टी छापली होती, टाक्यांसकट, ‘आदर्श नमुना: याबरहुकूम प्रती काढून वापराव्यात’ अशा मथळ्याखाली. पोटकलमनं आता खिशात भिंगाशेजारी टेप ठेवायला सुरुवात केली होती. त्यानं तो पानावर धरला. पान वहीएवढं. पस्तीसची खूण साडेसोळावर होती.

तो साहेबांकडे गेला नाही. पुन्हा छत्तीस पानं वाचत बसला, आणि जन्मात पहिल्यांदा काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधत गेला. एकतिसाव्या पानावर थांबला. दर महिन्याला चाचणीसाठी पोती बाजूला काढावीत, आणि चाचणी झाल्यावर ती नियमपालन अधिकाऱ्यानं नष्ट करावीत, असं तिथे होतं. बावीस वर्षं ती पोती तो कारखान्यामागच्या खड्ड्यात नष्ट करत आला होता. कुठे नष्ट करावीत, हे नियमात नव्हतं.

त्या रविवारी मुकादमाची गाडी एका अनोळखी दारापुढे उभी राहिली. पोटकलमनं घंटी वाजवली. बगलेत मावशीनं शिवलेली पट्टी होती आणि हातात भरलेला फॉर्म. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कोट घालूनच दार उघडलं आणि काय काम आहे म्हणून विचारलं.

“आठ पोती नष्ट करायची आहेत,” पोटकलम म्हणाला, “तुमच्या माळ्यावर.”

रविवारी एक घर धरलं तर उरलेल्या चारशे अकरा घरांना आठ वर्षं लागणार होती. त्याच्या निवृत्तीला सात होती. मावशीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. मग शनिवारीही जा, म्हणाली. सुधारित नियमावली तोवर मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेली होती. पायाखाली ती बरोबर मापाची बसली.